मासे गढूळ पाण्याने मेलेले नाहीत: आमच्या नगरपरिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,

स. न. वि. वि.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आपल्या नदीत देवळाजवळच्या कोंडापासून, म्हणजे खोल डोहापासून, खालच्या साकवापर्यंत मासे मरून वर आले. दोन्ही काठांवर खच पडला होता. वाडीतल्या लोकांनी सह्यांचा अर्ज दिला आणि त्याला नगरपरिषदेचं लेखी उत्तरही आलं. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यामुळे ही घटना नैसर्गिकरीत्या घडली, नगरपरिषदेचा त्याच्याशी संबंध नाही, असा त्या उत्तराचा सारांश. लगेचच्या सर्वसाधारण सभेत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचा विषय निधी आल्यावर बघू म्हणून पुढे ढकलला गेला आणि नदीकाठच्या सुशोभीकरणाच्या दुसऱ्या टप्प्याला मात्र मंजुरी मिळाली. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले, तेव्हा गप्प बसणं शक्य झालं नाही. पत्र आपल्याला रीतसर आवक नोंदवून देते आहेच. गावासमोरही ठेवते आहे, कारण नदी गावाची आहे आणि तिच्यात जाणारी घाणही गावाचीच आहे.

मी भोईवाडीतली. वडिलांनी पागावर, म्हणजे फेकायच्या जाळ्यावर, घर चालवलं, आमची शिक्षणं केली. भाऊ आजही पाग घेऊन नदीवर जातो. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आपल्या उत्तरातलं ‘नैसर्गिक’ हे कारण भोईवाडीला पटणारं नाही आणि मी जे शिकवते त्यातही ते बसत नाही.

आधी गढूळ पाण्याचं बघू. कोकणातला गोड्या पाण्यातला मासा गढूळ पाण्याला भीत नाही, तो त्याचीच वाट बघत असतो. रोहिणी-मृगात नदीला लाल पाणी आलं की अंड्यांनी पोट भरलेले मळे, खवल, शिंगट्या, मरळी प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. नदीतून वहाळात, वहाळातून पऱ्ह्यात, म्हणजे बारक्या ओहोळात, आणि तिथून थेट भाताच्या खाचरात. रायगडकडे याला वलगण म्हणतात, आपल्याकडे चढण. खाचरातल्या उथळ, कोमट पाण्यात अंडी घालायची, पिल्लं तिथं वाढायची आणि पाणी ओसरताना नदीत परतायची, हे चक्र त्या लाल पाण्यावरच चालतं. गढूळ पाण्याने मासे मरत असते, तर सह्याद्रीतून उतरणाऱ्या एकाही नदीत मासा उरला नसता.

मग यंदा त्या पाण्यात होतं काय? ते बघायला नदीवर जायचीही गरज नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस गटारसफाई झाली. ठेकेदाराच्या माणसांनी गटारातला काळा गाळ उपसला आणि कडेलाच ढीग लावले. बाजारपेठेतल्या मोठ्या गटाराचे ढीग तर नदीच्या उतारावर, जुन्या धक्क्याशेजारी होते. त्यांचे फोटो अर्जाला जोडलेले आहेत. पाऊस आला आणि ते सगळे ढीग एका रात्रीत नदीत गेले. शिवाय गटारांच्या तळाशी वर्षभर साचून राहिलेलं जे सफाईत निघालंच नव्हतं, तेही गेलं.

या गाळात संडासाचं पाणी आहे, हॉटेलांचं तेल आहे, धुण्याची पावडर आहे, गॅरेजचं ऑइल आहे. रस्त्यावर झिजलेल्या टायरांची भुकटी आहे, ब्रेकच्या पट्ट्यांतून सुटलेलं तांबं आहे. महिनोन् महिने हवेविना कुजल्यामुळे त्यात हायड्रोजन सल्फाइड भरलेला असतो. सडक्या अंड्यांचा तो वास बाजारपेठेत कोणी घेतला नसेल असं नाही. असा गाळ पाण्यात मिसळला की त्याला कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू काही तासांत ओढून घेतात. पोटात अंडी आणि वर चढायची ओढ, म्हणजे ज्या वेळी माशाला सर्वांत जास्त प्राणवायू लागतो, नेमक्या त्याच वेळी. रस्ता धुऊन आलेल्या पाण्याने काय होतं, हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या संशोधकांनी दाखवून दिलेलं आहे. तिथं कोहो सॅमन समुद्रातून अंडी घालायला नदीत चढत आणि पाऊस झाला की शहरालगतच्या ओढ्यांत अंडी घालायच्या आतच मरत. बरीच वर्षं कोडं होतं. टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून तयार होणारं विष त्यामागे आहे, हे २०२० मध्ये पुढे आलं. आपले मासे वेगळे, त्यांची सहनशक्तीही वेगळी, त्यामुळे तेच विष इथं मारतंय असं मी म्हणत नाही. पण पहिला पाऊस, शहराचा रस्ता आणि अंडी घालायला निघालेला मासा यांची गाठ पडली की काय होऊ शकतं, हे आता जगाला माहीत आहे.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते. मेलेल्यांपैकी ताजे मासे वेचून मी कॉलेजात नेले आणि विद्यार्थ्यांसमोर उघडले. धडधाकट खवलाचा कल्ला वर उचलला की आत लालभडक दिसतं. फणीच्या दात्यांसारख्या रांगा असतात आणि प्रत्येक दात्यावर नजरेला न दिसणारे पापुद्रे. पाणी आणि माशाचं रक्त यांच्यामध्ये तिथं मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच पडदा असतो. त्यातूनच प्राणवायू आत येतो आणि रक्तातला अमोनिया बाहेर जातो. या माशांचे कल्ले फिकट, करडे पडले होते आणि त्यांच्यावर बोटाला चिकटून तार येईल असा बुळबुळीत थर होता. सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्रे सुटे दिसलेच नाहीत. त्यांच्या कडांवर पेशींची जाड वाढ झालेली, शेजारशेजारचे पापुद्रे एकमेकांना चिकटलेले. पाण्यात त्रासदायक काही असलं की मासा कल्ल्यावर असा थर चढवून स्वतःला वाचवू पाहतो. तो थर जाड झाला की श्वास घ्यायची जागा कमी होत जाते.

आपल्या उत्तराशी याचा संबंध असा, की कल्ल्यांची अशी वाढ एका रात्रीत होत नाही. तिला कित्येक दिवस, बऱ्याचदा आठवडे लागतात. म्हणजे पहिला पाऊस पडला तेव्हा हे मासे आधीच आजारी होते, उन्हाळ्यातच आजारी पडले होते. पावसाने फक्त शेवटचा घाव घातला.

उन्हाळ्यात काय होतं तेही मग पाहायला हवं. आपली नदी पावसाच्या पाण्यावर चालणारी, लांबीला कमी. चिपळूणच्या वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी उन्हाळ्यातही मिळतं, तसं आपल्याकडे काही नाही. मार्चनंतर घाटाकडून येणारी धार बारीक होते आणि मे महिन्यात तुटते. उरतात ते कोंड. त्या कोंडांना पाणी मिळतं ते फक्त गटारांचं. पावसाळ्यात जे सांडपाणी शंभर पट पाण्यात विरून जातं, तेच मे महिन्यात नदी होऊन बसतं. गटारं बारा महिने तेवढंच पाणी सोडतात, हे बरोबर आहे. पण माशाला सहन करावं लागणारं प्रमाण बारा महिने तेवढंच राहत नाही.

सांडपाण्यातला अमोनिया यात सर्वांत घातक. मासा आपल्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांतून बाहेर टाकतो. बाहेरच्या पाण्यातच तो जास्त झाला तर आतला बाहेर पडू शकत नाही आणि रक्तात साठत जातो. त्यातून पाणी जितकं तापलेलं आणि जितकं अल्कधर्मी, तितका अमोनिया जास्त विषारी. कोंडावर हिरवा तवंग आला की दुपारी पाणी अल्कधर्मी होतंच, आणि मे महिन्याच्या दुपारी ते किती तापतं हे सांगायला नको. अमोनियाने मासा दुपारी मार खातो, तर प्राणवायूने पहाटे. कारण तेच हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर ओढतं. पहाटे उजाडायच्या आधी कोंडावर गेलात तर मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतील. माझ्या वाडीतल्या कोणालाही विचारा.

म्हणूनच आपण अर्जाच्या उत्तरासोबत जोडलेल्या पाणी तपासणीच्या अहवालाला माझी ठाम हरकत आहे. नमुना घेतला पुलावरून, म्हणजे बाजारपेठेचं गटार नदीला मिळतं त्याच्या वरच्या अंगाला. घेतला भर दुपारी, म्हणजे शेवाळाने प्राणवायू सोडण्याच्या वेळेला. आणि घेतला मासे मेल्यानंतर कितीतरी दिवसांनी, दोन पूर येऊन गेल्यावर. अशा नमुन्यात प्राणवायू समाधानकारक येणारच. मासे आणि जलचर जगायचे तर पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो पहाटेच्या नमुन्याला लावून बघा.

सभेत एका सन्माननीय सदस्यांनी नदीत मासे आहेत की, असं विचारल्याचं कळलं. आहेत. पण कोणते? खालच्या कोंडात आता तिलापिया मिळतो, मांगूर मिळतो. १९५२ मध्ये आपल्या देशात आणलेला तिलापिया घाणीत तगतो. मांगूर आणि मरळ वर येऊन हवा घेऊ शकतात, म्हणून पाण्यात प्राणवायू नसला तरी काही काळ जगतात. मळे, खवल, वाम यांना वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. ते खालच्या कोंडातून गेले. जी मरळ तगून आहे तिच्या अंगावरही आता लाल चट्टे दिसतात, पुढे त्यांची खोल जखम होते आणि आतलं मांस उघडं पडतं. बुरशीसारख्या एका जिवामुळे होणारा हा रोग १९८८ मध्ये भारतात पोचला आणि आता बहुतेक ठिकाणी आहे. तो फक्त सांडपाण्याने होतो असं मी म्हणणार नाही. पण कातडीवरचा चिकट थर साबणाच्या पाण्याने निघून गेला आणि मासा आधीच अशक्त असला, की रोगाला दार उघडं मिळतं. अशी मरळ पागात आली की भाऊ ती काठावर पुरून टाकतो. बाजारात नेत नाही. त्या दिवसाची कमाई बुडते ती बुडतेच.

दुसरा नेहमीचा बचाव कारखान्यांचा. कोकणात नदीचं प्रदूषण म्हटलं की लोटे, महाड, रोहा ही नावं येतात आणि तिथल्या लोकांनी जे सोसलं ते खरंच आहे. पण आपल्या गावाच्या वरच्या अंगाला एकही औद्योगिक वसाहत नाही. आपल्या नदीत जे जातं ते आपल्या मोऱ्यांतून, आपल्या संडासांतून, आपल्या दुकानांतून जातं. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचा जो आढावा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही प्रदूषण हा मोठा धोका म्हणून नोंदवला आहे आणि प्रदूषणात शहरी व घरगुती सांडपाण्याला सर्वांत वाईट ठरवलं आहे. कारखान्यांवर बोट ठेवता येत नाही म्हणजे दोषी कोणी नाही, असं होत नाही.

सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या गाड्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण सगळ्यांनाच ठाऊक आहे. रात्री त्या कुठं रिकाम्या होतात, हे बायपासच्या मोरीखाली जाऊन पाहावं.

आणि सुशोभीकरण. पहिल्या टप्प्यात काठाला काँक्रीटची भिंत उभी राहिली, वर दिवे आणि बाकडी आली. त्या भिंतीने दोन पऱ्ह्यांची तोंडं बुजली. पूर्वी तिथून मळे चढून खाचरात जायचे. करंज आणि उंबराच्या मुळांखाली, काठच्या गोट्यांत पिल्लांना आसरा होता, तो गेला. दुसऱ्या टप्प्यात हीच भिंत देवळाच्या कोंडापर्यंत न्यायची आहे. संध्याकाळी बाकड्यावर बसणारी माणसं नाकाला रुमाल लावून बसतात. त्यांच्यासाठी तरी आधी गटार आवरायला नको का?

हे करणं आपल्या अखत्यारीत नाही, असं म्हणायला जागा नाही. सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांत आहे. प्रदूषण करणारा पदार्थ नदीत जाऊ देण्याला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने बंदी आहे आणि तो कायदा नगरपरिषदेलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात नागरी संस्थांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली होती. ती कधीच संपली.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा कोंड म्हणून तिथले मासे कोणी मारत नाही आणि मोठमोठे महसीर माणसाच्या हातून खातात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळापाशीही असंच आहे. तिथं राखण केली ती आसपासच्या गावांनी. आपल्याकडे कर आहे, अभियंता आहे, आरोग्य विभाग आहे. आपल्याही देवळाच्या कोंडात पूर्वी मासे पकडत नसत, हे जुन्या माणसांना आठवतं. देवाच्या नावाने पाग थांबवता येतो. गटार मात्र ठरावानेच थांबेल.

आमच्या मागण्या या आहेत.

अर्जाला दिलेलं उत्तर मागे घ्यावं आणि मासे मेल्याची नोंद सांडपाण्याच्या कारणासह नगरपरिषदेच्या दप्तरी व्हावी.

पुढच्या वर्षीची गटारसफाई १५ मेच्या आत संपवावी. उपसलेला गाळ त्याच दिवशी उचलून नदीपासून दूर न्यावा, ही अट ठेक्यात लिहावी. गाळ कडेला दिसला तर त्या कामाचं बिल निघू नये. याला वेगळा निधी लागत नाही, म्हणून ही मागणी ताबडतोब मान्य होण्यासारखी आहे.

मोठं प्रक्रिया केंद्र व्हायला वेळ लागेल हे आम्हाला समजतं. तोवर तिन्ही मोठ्या गटारांच्या तोंडाशी पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून पाणी गाळून सोडण्याची सोय करावी. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत यासाठीच आहे. तिला वीज फार लागत नाही, कर्दळीसारख्या वनस्पती चालतात. धक्क्यामागची नगरपरिषदेची पडीक जागा त्यासाठी वापरता येईल. सुशोभीकरणाच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे इकडे वळवावेत, आणि पऱ्ह्यांची बुजलेली तोंडं येत्या पावसाळ्याआधी मोकळी करावीत.

सेप्टिक टाक्या ठरावीक वर्षांनी उपसण्याचं वेळापत्रक करावं आणि गाड्या कुठं रिकाम्या होतात त्याची नोंद ठेवावी. वाई आणि सिन्नर या आपल्याच राज्यातल्या नगरपरिषदांनी हे करून दाखवलं आहे. त्यांच्या अधिकाऱ्यांना भेटायला एक जीप पुरेल.

पाण्याची तपासणी एप्रिल, मे आणि जूनमध्ये, पहाटे, गटारांच्या खालच्या अंगाला व्हावी. निष्कर्ष बाजारपेठेतल्या फलकावर मराठीत लावावेत. नमुने घ्यायला पहाटे माणूस मिळत नसेल तर भोईवाडीतली मुलं येतील.

आमच्या बाजूनेही एक सांगते. चढणीच्या माशांवर गावाचा हातही कमी चालत नाही. खोईन, म्हणजे मासे अडकवायचा सापळा, लावून अंड्यांनी भरलेले मासे पाट्यांनी काढले जातात. पहिल्या पावसाचे काही दिवस वहाळांच्या तोंडाशी खोईन लावायची नाही आणि देवळाच्या कोंडात पाग टाकायचा नाही, असं भोईवाडीने बैठक घेऊन ठरवलं आहे. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी हे ठरवलं आहे, याचा सभेने विचार करावा.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि मला दहा मिनिटं बोलू द्यावं. कल्ल्यांचे काचपट्ट्यांवरचे नमुने मी जपून ठेवले आहेत. शेजारी वरच्या, स्वच्छ कोंडातल्या खवलाचा कल्लाही ठेवीन, म्हणजे प्रत्येक सदस्याला स्वतःच्या डोळ्यांनी फरक बघता येईल. सूक्ष्मदर्शक मी आणते. सभागृहात एक टेबल आणि विजेचा पॉइंट लागेल, तेवढी व्यवस्था व्हावी ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
भोईवाडीतली एक रहिवासी आणि प्राणिशास्त्राची शिक्षिका